शेजारचं पोरगं

माय, तू त्याला पाठीवर घेऊन न्हाणीकडं निघाली आहेस, त्याचे पाय तुझ्या कमरेच्या दोन्ही अंगांनी नुसते लोंबतायत, आणि मी चुलीतली राख ओढून बाहेर टाकतेय. रोजचीच सकाळ. म्हशीची धार झाली आहे, रांजण अर्धा भरला आहे, परातीत पीठ काढून ठेवलं आहे. तो तुझ्या खांद्यावरून ओरडतो, "गर्दी करू नका, मागं सरका, एसटी निघाली," आणि जिभेनं दोनदा टिंग टिंग वाजवतो. तू म्हणतेस, "गप बस, न्हाईतर पाडीन." तो म्हणतो, "डायव्हर, पॅसिंजरसंग नीट बोला." मला हसू येतं, राख चुलीपुढंच सांडते, आणि तू दोघांचा राग माझ्यावर काढतेस. तेव्हा माझा हा भाऊ दहा वर्षांचा होता आणि मी पंधराची. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती त्याच्यामुळंच. त्याला उचलायला घरात आणखी दोन हात हवे होते. अंघोळ झाली की तू त्याला कडुलिंबाखाली पोत्यावर बसवायचीस आणि पुढ्यात तुरीची डाळ निवडायला द्यायचीस, कारण पाय गेले तरी हात अजून चालत होते. तो डाळीतले खडे काढायचा आणि किराणा बांधून आलेल्या कागदांवरच्या बातम्या मोठ्यानं वाचायचा. अर्ध्याच बातम्या, कारण कागद तिथं फाटलेला असायचा. उरलेलं तो मनानं जोडायचा, आणि खऱ्यापेक्षा ते बरं असायचं. त्याच्या खांद्यावरून बघत बघत मला वाचायचं व्यसन लागलं. ते अजून सुटलेलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. लग्न होऊन मी कंधारला गेले, पुढं तुझ्या जावयाला डाळमिलमध्ये काम लागलं म्हणून आम्ही लातूरला आलो, आणि तुला लिहिलेलं माझं प्रत्येक पत्र त्यानंच तुला वाचून दाखवलं. म्हणून तर जे विचारायचं होतं ते एकाही पत्रात विचारता आलं नाही. दिवस गेले तेव्हा मी एक पोस्टकार्ड घेऊन बसले होते. भावाला झालं ते माझ्या लेकराला होईल का, एवढंच लिहायचं होतं. पण ते वाचणारा तोच, मोठ्यानं, अंगणात, डाळ निवडता निवडता. मग मी लिहिलं, इकडं सगळं ठीक आहे, पाऊस बरा आहे. आता तू आणि तो एकाच ठिकाणी आहात आणि वाचून दाखवणाराही तोच आहे. तरी लिहिते, कारण गेल्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात जे भांडण झालं त्याचं मूळ तुझ्यापाशी आहे, आणि मी तुझ्यावर चिडले आहे. एकतीस वर्षं झाली तुला जाऊन. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मग कुणावर चिडायचं, ते कुणी सांगत नाही.

मला पाहायला आले तो दिवस घे. सकाळीच तू त्याला उचललंस आणि कडब्याच्या गंजीमागं पोतं टाकून बसवलंस. "पाव्हणे गेले की आणते," म्हणालीस. घरात असं लेकरू दिसलं की पाहुणे चहा न घेता उठतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं, तू काही नवीन केलं नाहीस. पोहे झाले, मला पाटावर बसवलं, स्वयंपाक येतो का विचारलं, आणि तेवढ्यात गंजीमागून टिंग टिंग. मुलाच्या आत्यानं मान वळवली. "तिकडं कोण हाय?" तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "शेजारचं पोरगं हाय." इतक्या सहज म्हणालीस की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. पाहुणे गेल्यावर तू त्याला आणायला गेलीस, मी तुझ्या मागं होते. तो तुझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, शेजारच्या पोराला कुठं नेऊलालीस?" तू पदर खोचलास. वाकून पाठ दिलीस. घरापर्यंत त्यानं एकदाही घंटी वाजवली नाही. पुढं लग्नात त्याला लपवता येईना तेव्हा तू सासरच्यांना सांगितलंस, पोलिओ झाला. पोलिओ चालत होता. पोलिओ ज्याला झाला त्याच्यापाशीच थांबतो, बहिणीच्या रक्तात उतरत नाही. तो शब्द तू किती विचार करून घेतला होतास ते मला फार उशिरा कळलं.

कळलं ते भूकंपानंतर, त्यात तुम्ही दोघंही गेल्यावर. लोक आजही सांगतात की तू बाहेर आली होतीस आणि त्याच्यासाठी परत आत गेलीस. कुणीही पाहिलेलं नाही. सगळं गाव झोपेत होतं, माळवदाची माती आणि भिंतीचे दगड एका दमात खाली आले. ही गोष्ट ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. तू त्याच्यासाठी दहा-अकरा वर्षं दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करत होतीस, ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि ते कुणी सांगत नाही. तर भूकंपातून वाचलेल्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मावशी भेटली. रडून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या मायच्या पाठचा भाऊ बी असाच गेला की. मांड्यांवर हात टेकून, आपल्याच अंगावर चढल्यागत उठायचा. मिसरूड फुटायच्या आधी गेला. तुला म्हाईत न्हाई?" मला माहीत नव्हतं. माझ्या कडेवर दोन वर्षांची लेक होती. मला एकदम आठवलं, भाऊ चारेक वर्षांचा असताना एकदा जमिनीवरून मांड्यांवर हात टेकून उठला, आणि तू भाकरी तव्यावर सोडून भिंतीकडं तोंड केलंस. तुझ्या डोळ्यांत धूर गेला असेल, असं मला वाटलं होतं. तुला त्याच दिवशी कळलं होतं, माय. विचारायला तू उरली नव्हतीस.

पुढची वीस-पंचवीस वर्षं मी वाचून काढली. वाचनालयातली मराठी विज्ञानाची पुस्तकं, मासिकं, दवाखान्यात पडलेली पत्रकं, जे हाताला लागेल ते. स्नायू झिजवणारा हा रोग ज्या जनुकातून येतो त्याच्या बाईकडं दोन प्रती असतात, म्हणून एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते आणि बाई धडधाकट फिरते. मुलाकडं एकच असते. आईनं बिघडलेली दिली तर त्याला राखीव काही नाही. आठ आणे इकडं, आठ आणे तिकडं. मी कोणत्या आठ आण्यांत आहे ते मला माहीत नव्हतं, आणि लेक कोणत्या, तेही नाही. आणि इतकं सगळं वाचून मी लेकीला काय सांगितलं असेल? तिनं शाळेत असताना विचारलं, "आई, मामाला काय झालं होतं?" मी म्हणाले, पोलिओ. तिच्या लग्नातही तेच. तुझा शब्द मी धुऊन वाळवून तिच्या हातात दिला.

लेक नांदेडला असते. तिचा नवरा हदगावकडचा, मास्तरांच्या घरातला, नांदेडच्या एका मोठ्या क्लासमध्ये डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. पाचशे पोरं एका हॉलमध्ये, गळ्यात माईक. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल, रोग असेल तर आत काळं भरायचं, असं फळ्यावर तीन पिढ्यांचं झाड काढतो आणि म्हणतो, हा हमखास येणारा प्रश्न. माझीही भाकरी त्याच धंद्यावर आहे. तुझे जावई गेल्यापासून मी इथं लातूरच्या क्लासमधल्या पोरांचे डबे करते. आमची सगळी गल्ली पोरांनी भरली आहे. ज्याच्या घरात एक खोली जास्त त्यानं तिच्यात तीन कॉट टाकल्या. परीक्षा घेऊन पोरांच्या तुकड्या पाडतात, पहिल्या तुकडीला चांगले मास्तर, शेवटच्या तुकडीला जे उरतील ते. एका आईनं मला फोन करून सांगितलं होतं, "माझी पहिल्या तुकडीत आहे, तिच्या डब्यात जरा वेगळं देत जा." मी म्हणाले, "ताई, वरण एकाच पातेल्यात शिजतं." दोन महिन्यांनी ती पोरगी तिसऱ्या तुकडीत गेली आणि तिचा डबा भरलेलाच परत यायला लागला. मग मी तिला जवळ बसवून जेवू घालायची. आईचा फोन नंतर आला नाही.

नातू साडेतीन वर्षांचा असताना दिवाळीला आला होता. स्वयंपाकघरात फरशीवर डब्यांच्या झाकणांशी खेळत होता. लेकीनं हाक मारली, तो उठला. एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, मग मांडीवर, मग जरा वर. आपल्याच अंगावर चढत. मी कणीक मळत होते. मी कणकेकडं तोंड केलं. माय, मी तुझ्यासारखंच केलं, तेच, आणि वर्षभर गप्प राहिले. लेक म्हणायची, आळशी आहे जरा. जावई म्हणायचे, वजन कमी झालं की पळेल. पाचशे पोरांना चौकोनात काळं भरायला शिकवणारा माणूस, त्याला घरातला चौकोन दिसेना, आणि ज्या बाईला दिसला होता तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी शाळेच्या खेळांच्या दिवशी तो पडला आणि उठेचना, तेव्हा डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. लेकीनं फोनवर विचारलं, "आपल्याकडं कुणाला होतं का आई?" आणि मी, त्या दिवशीसुद्धा, म्हणाले की मामाला पोलिओ होता. चार दिवसांनी ती लातूरला आली. बसली नाही, दारातूनच म्हणाली, "पोलिओ झटक्यात येतो, आई. असा चार वर्षं जिना चढत येत नाही." मग मी सगळं सांगितलं. तिनं महिनाभर फोन केला नाही. जावयाचा आला. म्हणाले, "मामी, मी हा प्रश्न हजारदा शिकवलाय." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या माणसाला मी त्या दिवसापासून नावं ठेवायची बंद केली होती, रविवारपर्यंत.

नातू आता सात वर्षांचा आहे. जिना चढत नाही, सपाटीवर चालतो, पोट पुढं काढून, लहान पुढाऱ्यासारखा. लेकीला दुसरं मूल हवं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, गर्भ बाहेर काचेच्या बशीत तयार करायचे, पाच-सहा दिवसांचे झाले की प्रत्येकाच्या चार पेशी काढून तपासायच्या, आणि ज्यात हा रोग नाही तेवढाच पोटात ठेवायचा. त्याआधी दोष कुणाकडून कसा चालत आला ते बघायला लेकीचं, नातवाचं आणि माझं रक्त हवं होतं. मी हो म्हणाले होते. मला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं. तुला पाठीत उसण भरायची आणि तू गरम विटेनं शेकून पुन्हा वाकायचीस, ते मी पाहिलं आहे. भावाला एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या तोंडावरची माशी हाकलता येत नव्हती, तेही पाहिलं आहे. ज्याला हे टळावं वाटत नाही त्यानं आधी आठ दिवस कुणाला तरी पाठीवर घ्यावं.

रविवारी पोरांची चाचणी असते, डबे लवकर जातात. लेक, जावई, नातू गाडीनं आले होते. मी घरापुरत्या पोळ्या लाटत होते, लेक भाजत होती. जावई दाराशी खुर्ची टाकून बसले आणि मोबाइल वर करून म्हणाले, "मामी, एवीतेवी तपासायचंच आहे, तर परदेशात एक लॅब आहे, ते त्याच पेशींवरून अजून बरंच बघून देऊन राहिले. उंची, शुगर, हुशारी. प्रत्येकाला गुण देतात आणि यादी पाठवतात."

"कसली यादी?"

"मेरिट लिस्टसारखी. वरचा घ्यायचा."

"आणि खालचे?"

"ते ठेवत नाहीत. मामी, अजून काही वर्षांत तर निवडायचंही काम उरणार नाही. जे चुकलंय तेवढं कापून नीट करतील. मग त्याच्या पोरांत नाही, नातवांत नाही. कायमचं गेलं घरातून."

"आणि कापणाऱ्याचं चुकलं तर?"

"चुकणार नाही असंच तंत्र आणतील ना."

"तुमच्या परीक्षेची उत्तरं छापून आल्यावर दर वर्षी बदलतात, ती कोण आणतं?"

लेकीला हसू फुटलं, तिनं उलथनं धरलेल्या हातानं तोंड झाकलं. मग मला थांबता येईना. मी म्हणाले, आजारी लेकराच्या अंगात औषध घाला, कसलंही घाला, मी इथून हैदराबादपर्यंत चालत येते. त्याचं चुकलं तर त्याच्यापाशी थांबेल. पण बियाण्यात हात घातला की तो पुढं किती शेतांत उगवेल ते घालणाऱ्याला दिसत नाही. मी त्यांना आपल्याकडं संकरित ज्वारी आली तेव्हाचं सांगितलं, की कणीस भरगच्च आलं म्हणून सगळ्यांनी तीच पेरली, आणि पावसात तिला बुरशी धरली, आणि तिच्या बुटक्या कडब्याला म्हशी तोंड लावेनात, आणि तोवर जुनं बी कुणाच्या कणगीत उरलं नव्हतं. तू दोन मडकी राखून ठेवली होतीस म्हणून आपलं निभावलं. मला वाटलं, हे जिंकलं.

लेकीनं तवा खाली उतरवला. म्हणाली, "आई, माझं पोरगं ज्वारी नाही. मामाही नव्हता. जुनं बी राखावं, खरं आहे. पण तू राखलेलं बी माझ्या लेकराच्या पायांत उगवलंय. ते कुणी निवडलं होतं?"

ती थांबली नाही. "तू वेळेवर सांगितलं असतंस तर आज हा दिवस आला नसता." असं म्हणून तीच अडखळली. दिवाणखान्यात नातू टीव्ही बघत होता, आवाज बारीक झालेला होता. ती हळू बोलली, "म्हणजे हा आला नसता. मला असं म्हणायचंय का, तेही मला कळत नाही आई."

नातू दारात उभा होता. भिंतीला धरून आला होता. त्यानं बापाला विचारलं, "पप्पा, ते बाळ डब्यात असतं का?"

जावई म्हणाले, "बशीत. छोटी काचेची बशी असते."

त्यानं ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यांकडं पाहिलं. सकाळपासून तो मला कोणता डबा परत आला, कोणता नाही, ते मोजून देत होता. "आजी, एक घेतलं की बाकीचे परत येतात का?"

मी त्याला जवळ बसवलं आणि भात वाढला. बापानं त्याच्या भातावर तूप घातलं, जरा जास्तच घातलं. जेवणं झाल्यावर मी जावयांना सांगितलं की मी रक्त देणार नाही. ते म्हणाले, "मामी, तुमच्या हट्टापायी सगळं अडेल." मी म्हणाले, अडू द्या. लेक गाडीत जाऊन बसली. नातवानं मागच्या काचेतून हात हलवला.

त्या संध्याकाळी मी भांडी घासत तुझ्याशीच भांडत होते. म्हणजे बघ, मला जावयाच्या यादीचा राग आहे आणि तो खरा आहे. मी रोज यादीतली पोरं जेवू घालते. पहिला येणारा दुसऱ्या वर्षी पहिला राहत नाही, आणि तिसऱ्या तुकडीतल्या त्या पोरीला कोणत्या बशीत किती गुण पडले असते? हुशारीचे गुण देणारे माझ्या भावाच्या खट्याळपणाला काय देणार होते, माय? पण हेही लिहून मला माझीच चीड येते. त्यानं मला वाचायला लावलं, त्यानं हसवलं, म्हणून त्याचं जगणं खपवून घ्यायचं, असा त्याचा अर्ज मी कशाला भरते? तो चिडका होता, भात गार झाला तर ताट ढकलायचा, तुला घालूनपाडून बोलायचा. तसाही तो होता, आणि होता म्हणून होता. नातवालाही कुणाच्या उपयोगी पडायची गरज नाही. आणि तरीही पुढचं लेकरू धावावं असं मला वाटतं. या दोन गोष्टी एका पातेल्यात शिजत नाहीत. मी शिजवून पाहिल्या. तुझ्यापाशी काही युक्ती होती का? तू एकाच पाठीवर त्याला वाहिलंस आणि एकाच तोंडानं त्याला शेजाऱ्याचा केलंस.

मला सगळ्यात जास्त कशाची चीड आली सांगू? एका सकाळी, पाहुण्यांसमोर, लेकीचं भलं व्हावं म्हणून तू एक वाक्य बोललीस. तुझा हेतू वाईट नव्हता. ते वाक्य माझ्यात उतरलं, माझ्यातून लेकीत, आणि नातू जन्मला तेव्हा ते त्याच्या आधी घरात बसलेलं होतं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. जावयांना तेच म्हणायचं होतं मला, पण ज्वारी आडवी आली. चांगल्या हेतूनं केलेला बदलसुद्धा आपल्यापाशी थांबत नाही. तो अजून न जन्मलेल्यांच्या अंगात जातो, आणि त्यांना तो परत करता येत नाही.

आता जे इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. मावशीशी बोलून मी शेडमधून लातूरला परत आले आणि पंधरा दिवसांत सरकारी दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली. तुझ्या जावयांना सांगितलं नाही. त्यांना दुसरं मूल हवं होतं, मुलगाच पाहिजे असंही नव्हतं, लेकीला जोडी हवी म्हणायचे. ते वाट बघत राहिले. मला घेऊन कंधारच्या दर्ग्यात गेले, चादर चढवली, नवस बोलले, चप्पल न घालता उन्हात चालले. मी शेजारी उभी राहून हात जोडले, पोटात तांबी घेऊन. एकदा काढून दुसरी बसवली, तेव्हाही त्यांना कळू दिलं नाही. शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे, एकच पण गुणाची आहे." माझ्या त्या न झालेल्या लेकरांत किती धडधाकट होती, ते कुणी तपासलं नव्हतं. मी यादीसुद्धा केली नाही. सगळीच परत पाठवली. आणि रविवारी मी लेकीला निवड कशी करू नये ते शिकवत होते.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. गाव हललं, नव्या गावात तुझं घर नाही. आणि पाठवलंच तर ते त्यालाच वाचावं लागेल, गंजीमागचा दिवससुद्धा, मोठ्यानं. डाळीच्या डब्यात तळाला ठेवते.

रविवारचं लिहिलं, सोमवारचं राहिलं. सोमवारी सकाळचे डबे गेले की मी नांदेडची एसटी धरली. लेकीच्या दारात उभी राहून म्हणाले, चल, एवढ्या एका रोगापुरतं रक्त देते, यादीपुरतं नाही. ती चप्पल घालून निघाली. दवाखान्यात एक तरुण मुलगी कागदावर आमचं झाड काढत होती, चौकोन आणि गोल. तिनं विचारलं, "भाऊ?" मी सांगितलं, एक होता, माझा सख्खा भाऊ, त्याला हाच आजार होता. मायचा भाऊ, तोही. तिनं दोन्ही चौकोन काळे केले. नातवाचा आधीच होता. मग माझ्या गोलाखाली पेन टेकवून तिनं विचारलं, "तुम्हाला एकच मुलगी? नंतर दिवस राहिले नाहीत?" लेक शेजारी बसली होती. मी म्हणाले, "राहू दिले नाहीत. भीती वाटली म्हणून. लिहा तसं." लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी बाही वर केली आणि हात पुढं ठेवला.